फोनवरचं टीव्हीवर: व्हिडिओ नक्की कोण आणतंय?

फोन किंवा टॅबलेट स्मार्ट टीव्हीला जोडताना येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या आहेत. चित्र अडखळतं. सिनेमाचा आवाज येतो, पण पडदा काळाच राहतो. टीव्ही यादीत दिसत नाही. अर्ध्या तासात फोन तापतो आणि बॅटरी उतरते. प्रत्येक तक्रारीवर वेगळा उपाय शोधत बसण्याआधी एक प्रश्न विचारावा: व्हिडिओ इंटरनेटवरून कोण आणतंय, फोन की टीव्ही? एवढं कळलं की पुढचं बरंचसं आपोआप उलगडतं.

यूट्यूबमध्ये कोपऱ्यातल्या चौकोनी खुणेवर बोट ठेवून टीव्ही निवडला की फोन टीव्हीला फक्त व्हिडिओचा पत्ता देतो. त्यानंतर टीव्ही स्वतः इंटरनेटवरून तो व्हिडिओ आणतो आणि फोन रिमोटचं काम करतो. याला कास्ट म्हणतात. गूगलने २०१३ साली टीव्हीला लावायच्या क्रोमकास्ट या छोट्या उपकरणाबरोबर ही पद्धत घरोघरी नेली. आज अँड्रॉइड टीव्ही आणि गूगल टीव्ही असलेल्या संचांत ती मुळातच असते. मिररिंगचं काम उलटं चालतं. फोन आपल्या पडद्यावरचं सगळं क्षणाक्षणाला नव्याने व्हिडिओत बांधतो आणि वायफायवरून टीव्हीकडे पाठवत राहतो. इथे सगळी मेहनत फोनची असते. म्हणूनच तो तापतो, चित्र सेकंदाच्या काही अंशाने मागे राहतं आणि मध्येच आलेला मेसेज टीव्हीवर सगळ्यांना दिसतो.

आपल्या फोनवर यातलं काय चालू आहे हे ओळखायला फोन लॉक करून बघावा. टीव्हीवर व्हिडिओ चालूच राहिला तर कास्ट आहे. चित्र थांबलं किंवा काळं झालं तर मिररिंग आहे.

ही खात्री करून घ्यावी लागते, कारण कंपन्यांनी नावांचा घोळ घातला आहे. सॅमसंगच्या फोनवर मिररिंगला 'स्मार्ट व्ह्यू' म्हणतात, वनप्लस आणि रियलमीवर 'स्क्रीनकास्ट', तर शाओमीवर त्याच सोयीचं नाव नुसतं 'कास्ट' आहे. या बहुतेकांच्या मुळाशी मिराकास्ट नावाचं २०१२ सालचं तांत्रिक मानक आहे. त्यात फोन आणि टीव्ही वायफाय डायरेक्टने थेट एकमेकांशी जोडले जातात, मध्ये राउटर लागत नाही, इंटरनेटही लागत नाही. गूगलने मात्र अँड्रॉइड ६ च्या सुमारास स्वतःच्या मूळ अँड्रॉइडमधून मिराकास्ट काढून टाकलं. त्यामुळे गूगलचा पिक्सेल फोन साध्या मिराकास्ट टीव्हीशी जोडला जात नाही, त्याला गूगल कास्ट असलेलाच टीव्ही हवा. आयफोनलाही मिराकास्ट येत नाही, त्याची पद्धत एअरप्ले. ॲपच्या आतलं गूगल कास्ट आयफोनवरही चालतं, पण पूर्ण पडदा दाखवायचा तर टीव्हीत एअरप्ले २ लागतं. सॅमसंग, एलजी आणि सोनीच्या २०१९ नंतरच्या बऱ्याच मॉडेलांत ते आहे, सगळ्या नाही. घरात आयफोन-आयपॅड जास्त असतील तर टीव्ही घेताना पडद्याच्या इंचांआधी ही ओळ तपासावी.

सिनेमा आणि मालिकांसाठी मिररिंगच्या वाटेला जाऊच नये, असं माझं ठाम मत आहे. नेटफ्लिक्ससारख्या सेवांचे व्हिडिओ कुलूपबंद येतात. पडद्याची नक्कल होत आहे असं दिसलं की फोन चित्राच्या जागी काळा चौकोन पाठवतो. आवाज आणि सबटायटल कधीकधी येतात, म्हणून काहीतरी बिघडलंय असं वाटतं. बिघडलेलं काही नसतं, ते मुद्दाम केलेलं आहे आणि फोनच्या सेटिंग्जमध्ये त्याला उपाय नाही. टीव्हीवरचंच ॲप उघडायचं, हा सरळ मार्ग. मात्र आधी आपला प्लॅन बघावा. 'मोबाइल' नावाचे स्वस्त प्लॅन फक्त फोन-टॅबलेटसाठी असतात, ते टीव्हीवर उघडत नाहीत आणि कास्टही होत नाहीत. शिवाय २०२५ च्या अखेरीस नेटफ्लिक्सने रिमोट असलेल्या बहुतेक टीव्हींवर आणि टीव्हीला लावायच्या स्टिकवर फोनमधून कास्ट करणं बंदच केलं. तिथे ती खूण शोधत बसण्यात अर्थ नाही.

आणखी एक गोष्ट याच प्रश्नातून निघते. प्रवासासाठी फोनवर डाउनलोड करून ठेवलेला भाग घरी येऊन कास्ट केला तर डेटा वाचत नाही. टीव्ही फोनमधली प्रत वापरत नाही, तोच भाग इंटरनेटवरून पुन्हा आणतो.

टीव्ही यादीत दिसत नसेल तर

फोन आणि टीव्ही दोन्ही वायफायवर आहेत, इंटरनेटही चालतंय, तरी कास्टच्या यादीत टीव्हीचं नाव नाही. नव्वद टक्के डोकेदुखी इथेच असते आणि कारण बहुधा एकच: दोघे एका घरात आहेत, पण एका नेटवर्कमध्ये नाहीत.

आपल्याकडे हे विशेष घडतं, कारण फायबरवाला बसवून जातो त्या डब्यातच वायफाय असतं आणि रेंज पुरत नाही म्हणून लोक त्याला स्वतःचा दुसरा राउटर जोडतात. मग टीव्ही फायबरच्या डब्याच्या वायफायवर आणि फोन नव्या राउटरच्या वायफायवर. दोघांनाही इंटरनेट मिळतं, पण मध्ये भिंत असते. तपासणी सोपी आहे. फोनमध्ये वायफायच्या नावावर बोट ठेवून आयपी ॲड्रेस बघा, तसाच टीव्हीच्या नेटवर्क सेटिंग्जमध्ये बघा. घरगुती राउटरवर टिंबांनी तोडलेल्या चार आकड्यांपैकी पहिले तीन जुळायला हवेत. एकाचा १९२.१६८.१ ने सुरू होतो आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने, तर दोघे वेगळ्या नेटवर्कवर आहेत. तात्पुरता उपाय म्हणजे दोन्ही एकाच वायफायवर आणणं. कायमचा उपाय म्हणजे दुसऱ्या राउटरच्या सेटिंग्जमध्ये जाऊन तो 'ॲक्सेस पॉइंट' मोडमध्ये टाकणं. तसं केलं की तो स्वतःचं वेगळं नेटवर्क करत नाही, असलेल्याच नेटवर्कची रेंज वाढवतो.

आकडे जुळत असूनही टीव्ही दिसत नसेल तर राउटरमध्ये 'एपी आयसोलेशन' किंवा 'क्लायंट आयसोलेशन' चालू आहे का बघा. ते चालू असलं की एका वायफायवरची उपकरणं एकमेकांना दिसत नाहीत. पाहुण्यांसाठीच्या गेस्ट नेटवर्कवर ते बहुधा चालूच असतं, हॉटेल आणि होस्टेलच्या वायफायवर तर जवळजवळ नेहमीच. २.४ आणि ५ गीगाहर्ट्झची दोन वेगळी नावं असतील तर सहसा अडत नाही, दोन्ही एकाच नेटवर्कचे दरवाजे असतात. पण काही राउटर टीव्हीची 'मी इथे आहे' ही हाक एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला पोचवत नाहीत. फोन टीव्हीच्याच नावावर आणला की लगेच कळतं.

मग फोनकडे वळा. व्हीपीएन, म्हणजे फोनचं इंटरनेट दुसऱ्या सर्व्हरमधून फिरवणारी सोय, चालू असेल तर बंद करा. जाहिराती अडवणारी काही ॲप्स आतून व्हीपीएनच वापरतात, तीही बंद करून बघा. आयफोनवर आयओएस १४ पासून प्रत्येक ॲपला 'लोकल नेटवर्क'ची परवानगी वेगळी द्यावी लागते. पहिल्यांदा विचारलं तेव्हा घाईत 'नको' म्हटलं गेलं असेल तर त्या ॲपमधून टीव्ही कधीच दिसणार नाही. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी, त्यात लोकल नेटवर्क, तिथे ॲपसमोरचं बटण चालू करा. अँड्रॉइड १३ पासून 'निअरबाय डिव्हाइसेस' ही तशीच परवानगी आली आहे.

एवढं करूनही अडलं तर सगळं बंद-चालू करायचं, पण क्रमाने. आधी राउटर बंद करून चालू करा आणि दोन मिनिटं थांबा. मग टीव्हीची पिन भिंतीतून काढून अर्ध्या मिनिटाने लावा. रिमोटने टीव्ही बंद केला की तो झोपतो फक्त, नव्याने सुरू होत नाही, म्हणून पिनच काढायची. शेवटी फोनचं वायफाय बंद-चालू करा. टीव्ही बंद असताना फोनवरून चालू व्हावा असं वाटत असेल तर टीव्हीच्या सेटिंग्जमध्ये 'क्विक स्टार्ट' किंवा 'नेटवर्क स्टँडबाय' चालू ठेवा. थोडी वीज जास्त जाते, एवढाच त्याचा तोटा.

टीव्ही दिसतो पण चित्र अडखळतं, हे दुखणं वेगळं. नेटफ्लिक्सच्या सांगण्यानुसार फुल एचडीला ५ आणि ४केला १५ एमबीपीएस पुरतात, त्यामुळे १०० चा प्लॅन असूनही अडकत असेल तर दोष बहुधा घरातल्या वायफायचा असतो. स्वस्त टीव्हींत बऱ्याचदा फक्त २.४ गीगाहर्ट्झ असतं आणि त्या पट्ट्यावर शेजारच्या सगळ्या घरांची गर्दी असते. ५ गीगाहर्ट्झ वेगवान, पण सिमेंट-काँक्रीटच्या दोन भिंतींपलीकडे ते दमतं. टीव्ही हलत नाही, तेव्हा त्याला लॅनची केबल लावावी. टीव्हीचं लॅन पोर्ट बहुतेक वेळा १०० एमबीपीएसचंच असतं, म्हणून काहीजण ते टाळतात. स्ट्रीमिंगला तेवढं भरपूर झालं, आणि टीव्ही केबलवर गेला की वायफाय फोन-टॅबलेटसाठी मोकळं होतं.

घरात ब्रॉडबँड नसेल तर

फोनचा हॉटस्पॉट चालू करून टीव्ही त्याला जोडणं हा अनेक घरांतला रोजचा व्यवहार आहे. टीव्हीला हॉटस्पॉट दिसतच नसेल तर तो ५ गीगाहर्ट्झवर चालू असण्याची शक्यता मोठी. हॉटस्पॉटच्या सेटिंग्जमध्ये बँड २.४ करा. आयफोनवर 'मॅक्सिमाइज कंपॅटिबिलिटी' चालू करायचं, त्यानेही हेच होतं. दिसतो पण पासवर्ड बरोबर असून जोडत नाही, तर सुरक्षा डब्ल्यूपीए३ वरून डब्ल्यूपीए२ वर आणा, जुन्या टीव्हींना नवी पद्धत समजत नाही.

ज्या फोनचा हॉटस्पॉट आहे त्याच फोनवरून कास्ट करणं काही फोनवर जमतं, काहींवर नाही. दुसरा फोन किंवा टॅबलेट त्याच हॉटस्पॉटला जोडला तर तिथून बहुधा जमतं. यूट्यूबपुरता आणखी चांगला मार्ग आहे. टीव्हीवरच्या यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये 'लिंक विथ टीव्ही कोड' उघडा, १२ आकडी कोड दिसेल. फोनच्या यूट्यूब सेटिंग्जमध्ये 'वॉच ऑन टीव्ही'त जाऊन तो टाका. ही जोडणी इंटरनेटवरून होते, त्यामुळे दोघे एका वायफायवर असायची गरजच राहत नाही. फोन मोबाइल डेटावर असला तरी चालतो.

डेटाचा हिशेब मात्र आधी करा. नेटफ्लिक्सचाच आकडा घ्यायचा तर एचडीला तासाला ३ जीबीपर्यंत आणि ४केला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. रोज दीड जीबीचा प्लॅन एचडीत अर्ध्या तासात संपू शकतो. टीव्ही मोठा पडदा बघून आपणहून वरची क्वालिटी निवडतो, म्हणून यूट्यूबवर गिअरची खूण दाबून ती ४८०पी वर आणून ठेवावी. फोनच्या गॅलरीतले लग्नाचे फोटो-व्हिडिओ दाखवायचे असतील तर डेटा खर्चायचं काहीच कारण नाही. तिथे मिराकास्ट कामाला येतं, कारण ते इंटरनेटशिवाय चालतं.

केबल कुठे चालते, कुठे नाही

दुकानात 'टाइप-सी टू एचडीएमआय' म्हणून मिळणारी केबल लावली आणि टीव्हीवर 'नो सिग्नल'च राहिलं, हे फार लोकांच्या वाट्याला येतं. केबल चांगली असते, फोनच्या पोर्टमध्ये चित्र बाहेर देण्याची सोय नसते. त्या सोयीला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात. यूएसबी-सीचं भोक सगळ्यांचं सारखं दिसतं, पण कमी आणि मध्यम किमतीच्या बहुतेक अँड्रॉइड फोनांत त्यामागे यूएसबी २ च्याच तारा असतात. सॅमसंगच्या गॅलेक्सी एस मालिकेत एस८ पासून आणि टॅब एस मालिकेतल्या बऱ्याच टॅबलेटांत ही सोय मिळते. आयफोनमध्ये ती १५ पासून आली. आयपॅड प्रो २०१८ पासून, आयपॅड एअर २०२० पासून, साधा आयपॅड २०२२ च्या दहाव्या पिढीपासून. फोनच्या तपशिलात 'यूएसबी २.०' एवढंच लिहिलेलं असेल तर केबलवर पैसे घालू नका. जुन्या लायटनिंग आयफोनना ॲपलचा डिजिटल एव्ही ॲडॉप्टर लागतो. दुसऱ्या कंपन्यांचे स्वस्त ॲडॉप्टर गॅलरी दाखवतात आणि नेटफ्लिक्सला काळे पडतात, कारण कुलूपबंद व्हिडिओला लागणारी एचडीसीपीची ओळख ते देत नाहीत.

ॲडॉप्टर घेताना त्यात चार्जिंगचं वेगळं पोर्ट असलेलाच घ्यावा. नाहीतर दोन तासांच्या कार्यक्रमात फोनचं एकमेव भोक अडकून बसतं.

टॅबलेटवरून शिकवणाऱ्यांना केबलच सुचवेन. शिक्षक टॅबलेटवर पेनने गणित सोडवतात आणि वर्गातल्या टीव्हीवर मुलं बघतात, तेव्हा मिररिंगचा उशीर खटकतो. हात पुढे जातो आणि अक्षर मागून उमटतं. केबलवर तो उशीर जवळपास नाहीसा होतो. टीव्ही 'गेम मोड'वर टाकला तर टीव्हीची स्वतःची चित्र-सफाई थांबते आणि उरलासुरलाही जातो. टॅबलेट इथे फोनपेक्षा सरस ठरतो तो आकारामुळेही. टीव्ही १६:९ असतो. फोन उभा धरून मिरर केला तर टीव्हीच्या रुंदीचा जेमतेम पाव भाग भरतो. २०:९ चा फोन आडवा केला तरी वरखाली काळ्या पट्ट्या राहून उंचीचा ८० टक्केच भाग वापरला जातो. १६:१० चा आडवा टॅबलेट रुंदीचा ९० टक्के भरतो, ४:३ चा आयपॅड ७५ टक्के. मागच्या बाकावरच्या मुलाला अक्षर वाचता येतं की नाही, हे या टक्क्यांवर ठरतं.

परदेशी असलेल्या मुला-नातवंडांचा व्हॉट्सॲप कॉल टीव्हीवर घेतानाही मिररिंगच लागतं, पण त्यात एक मेख आहे. बहुतेक फोनांवर कॉलचा आवाज फोनमधूनच येतो, टीव्हीतून नाही, कारण कॉलचा आवाज फोनची यंत्रणा वेगळा ठेवते. त्यात बिघाड शोधू नका. फोन स्पीकरवर ठेवून टीव्हीखाली, पडद्याच्या मधोमध टेकवून ठेवा. म्हणजे आजी टीव्हीकडे बघून बोलल्या तरी पलीकडे त्या कॅमेऱ्याकडेच बघताना दिसतात. आणि कॉल लावण्याआधी 'डू नॉट डिस्टर्ब' चालू करा, बँकेचा ओटीपी ५५ इंचांवर झळकायला नको.

स्वतःचे व्हिडिओ आणि मराठी सबटायटल

फोनमध्ये काढलेले मोठे व्हिडिओ वायफायवर झगडत दाखवण्यापेक्षा दोन तोंडांचा पेनड्राइव्ह घ्यावा, एका बाजूला सी, दुसऱ्या बाजूला साधं यूएसबी. फोनमधून त्यात टाका, टीव्हीला लावा. पेनड्राइव्ह फॅट३२ असेल तर ४ जीबीहून मोठी एक फाइल त्यात मावत नाही, तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, अर्थात टीव्ही ते वाचतो का बघून. आवाज येतो पण चित्र नाही, तर व्हिडिओ एचईव्हीसी या नव्या फॉरमॅटमध्ये असेल आणि टीव्ही जुना असेल. पुढच्या वेळी शूट करतानाच आयफोनवर कॅमेऱ्याच्या फॉरमॅट्समध्ये 'मोस्ट कंपॅटिबल' निवडा. चित्र आहे पण आवाज नाही, तर आवाज डीटीएस या ध्वनी-फॉरमॅटमध्ये असण्याची शक्यता आहे. सॅमसंगने २०१८ पासून टीव्हीतून डीटीएस वगळलं आहे. अँड्रॉइड किंवा गूगल टीव्हीवर व्हीएलसी हा प्लेयर टाकून त्यात उघडलं की बहुधा ऐकू येतं.

मराठी सबटायटलच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हं दिसत असतील तर सबटायटलची एसआरटी फाइल संगणकावर नोटपॅडमध्ये उघडून 'सेव्ह ॲज' करताना खालच्या एन्कोडिंगमध्ये यूटीएफ-८ निवडा. फाइलचं नाव व्हिडिओच्या नावाशी तंतोतंत सारखं ठेवा, फक्त शेवटचं एसआरटी वेगळं. तरी जोडाक्षरं तुटली, 'क्ष'चा पाय सुटा दिसला, तर तो टीव्हीच्या प्लेयरचा दोष असतो. अशा वेळी व्हीएलसी पुन्हा उपयोगी पडतं.

फोन हाच रिमोट

टीव्हीच्या रिमोटने एकेक अक्षर शोधत नाटकाचं नाव टाइप करणं हा शुद्ध छळ आहे. गूगल टीव्ही ॲपमधला रिमोट उघडा, पहिल्यांदा टीव्हीवर दिसणारा कोड फोनमध्ये टाका आणि मग टीव्हीवर शोधाची चौकट आली की फोनचा कीबोर्ड वापरा. फोनवर मराठी कीबोर्ड असेल तर देवनागरीत लिहिता येतं, आणि मराठी नाटक-कीर्तनाचे बरेच व्हिडिओ देवनागरी नावांनीच चढवलेले असल्याने शोध अचूक लागतो. सॅमसंगला हेच काम स्मार्टथिंग्ज करतं, एलजीला थिनक्यू, फायर टीव्हीला त्याचं स्वतःचं ॲप.

हे सगळे रिमोट वायफायवर चालतात. नव्या राउटरचा पासवर्ड टीव्हीत टाकायचाय आणि खरा रिमोट हरवलाय, अशा वेळी ते निकामी. तेव्हा इन्फ्रारेड असलेला फोन मदतीला येतो, शाओमी, रेडमी आणि पोकोच्या बऱ्याच फोनांत तो असतो. वरच्या कडेला छोटा काळा ठिपका दिसला तर तोच. तोही नसेल तर टीव्हीच्या यूएसबीला साधा माउस लावा, गूगल टीव्हीवर बाण दिसतो आणि सेटिंग्जपर्यंत पोचता येतं.

टीव्हीवर ॲप चालू करताना कोड आणि वेबपत्ता दिसतो, तो पत्ता फोनच्या ब्राउझरमध्ये जसाच्या तसा टाइप करा. शोधयंत्रात नाव टाकून पहिल्या दुव्यावर जाऊ नका. ॲक्टिव्हेशनच्या नावाने पैसे मागणाऱ्या बनावट साइट आणि बनावट मदत क्रमांक तिथेच वाट बघत असतात. मदतीच्या नावाखाली कुणी फोनमध्ये पडदा दाखवणारं ॲप टाकायला सांगितलं तर तिथेच फोन ठेवून द्या.

आणि काहीही अडलं की लगेच फॅक्टरी रीसेट करू नका. ९ मार्च २०२५ ला जगभरातले दुसऱ्या पिढीचे क्रोमकास्ट एकाच दिवशी बंद पडले, कारण त्यांच्यातल्या एका डिजिटल प्रमाणपत्राची दहा वर्षांची मुदत संपली होती. गूगलने काही दिवसांत दुरुस्ती पाठवली. ज्यांनी हात लावला नव्हता त्यांचे क्रोमकास्ट आपोआप सुरू झाले, ज्यांनी रीसेट केलं ते पुन्हा मांडणी करताना अडकले आणि त्यांना आणखी थांबावं लागलं. आधी दुसऱ्या फोनवरून कास्ट करून बघा. दोन्ही फोनांवर तेच होत असेल तर टीव्हीचं सॉफ्टवेअर अपडेट तपासा, अडलेल्या ॲपचा कॅशे पुसा. रीसेट करावंच लागलं तर त्याआधी वायफायचा पासवर्ड, प्रत्येक ॲपचं खातं आणि चित्राच्या सेटिंग्जचा फोनने फोटो काढून ठेवा.